घरच्या शाळेतली दोन महायुद्धं

‘होमस्कूलिंग’ हा शब्द आता आपल्याकडेही अधूनमधून कानावर पडतो. मुलाला शाळेत न पाठवता आईवडिलांनी घरीच शिकवायचं. ऐकूनच धडकी भरते ना? डबे, धुणं, पाहुणे-रावळे, त्यात आणखी शाळाही घरातच! पण अमेरिकेत १९९३पर्यंत पन्नासही राज्यांत अशा शिक्षणाला मान्यता मिळाली आणि आज लाखो मुलं घरी शिकताहेत. टेक्सास राज्यात तर घरची शाळा ही खासगी शाळाच धरली जाते. वाचन, शुद्धलेखन, व्याकरण, गणित आणि चांगलं नागरिकत्व एवढं शिकवायचं, बाकीचं आईवडिलांनी ठरवायचं.

तिथे हायस्कूल म्हणजे नववी ते बारावी. या चार वर्षांत मूल काही विषय आपल्या आवडीने निवडतं. त्याला ‘इलेक्टिव्ह’ म्हणतात. साधारण १२० ते १५० तासांच्या अभ्यासाला एक क्रेडिट, त्याच्या निम्म्याला अर्धं क्रेडिट, असा तिथला प्रघात. अभ्यासक्रम आईनेच आखायचा, तपासायचा आणि गुणपत्रकही तिनेच करायचं. पुढे कॉलेजवाले ते बघतात, म्हणून काय वाचलं, किती तास, काय लिहिलं, याची वही नीट ठेवावी लागते.

माझी भाची टेक्सासमध्ये असते. तिच्या पंधरा वर्षांच्या मुलाने इलेक्टिव्ह म्हणून महायुद्धं निवडली. भाचीचा फोन आला, “मावशी, तू इतिहास घेऊन बी.ए. झालीस ना? मग मला आराखडा करून दे. याला रणगाड्यांची सगळी नावं पाठ आहेत, विमानांची आहेत. पण युद्ध का झालं विचारलं, तर म्हणतो, बॅड गाईज होते म्हणून!”

मला हसू आलं नाही. आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत नववी-दहावीची मुलं येतात. त्यातला एकजण मागे म्हणाला होता, “काकू, काही म्हणा, हिटलर कडक माणूस होता. देशाला असाच पाहिजे.” बाकीच्यांनी माना डोलावल्या. एक मुलगा टेक्सासमधला, दुसरा आमच्या वस्तीतला, पण दुखणं एकच. युद्ध म्हणजे खेळ आणि हुकूमशहा म्हणजे हिरो. हे वय असं, की मनात बसलेलं सहजी निघत नाही.

म्हणून आम्ही दोघींनी आधी प्रश्न ठरवले, पुस्तकं नंतर. वहीच्या पहिल्या पानावर तीनच प्रश्न. हे सुरू कसं झालं? घरात बसलेल्या माणसांचं काय झालं? आणि कुणाला, कधी थांबवता आलं असतं? कुठलाही धडा झाला, की या तीन प्रश्नांकडे परत यायचं. १८ आठवडे, आठवड्याला ४ तास, म्हणजे ७२ तास. अर्ध्या क्रेडिटला पुरेसे.

पहिले दोन आठवडे फक्त नकाशा. १९१४चा युरोप मुलाने हाताने काढायचा, कोण कुणाच्या बाजूने ते रंगवायचं. २८ जून १९१४ला सारायेव्होत ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून झाला. महिन्याभराने ऑस्ट्रियाने सर्बियावर युद्ध पुकारलं आणि पुढच्या आठवडाभरात युरोपातली बहुतेक मोठी राष्ट्रं त्यात ओढली गेली. भाऊबंदकीचं भांडण कसं गावभर होतं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको!

पुढचे पाच आठवडे पहिल्या महायुद्धाचे. सोमच्या लढाईत १ जुलै १९१६ या एका दिवसात १९ हजारांहून जास्त ब्रिटिश सैनिक मेले. हा आकडा सांगून थांबायचं नाही. आपल्या तालुक्याच्या गावाची लोकसंख्या शेजारी लिहायची. मग दारूगोळ्याच्या कारखान्यात काम करणाऱ्या ब्रिटनमधल्या बायका. टीएनटी हाताळून त्यांची कातडी पिवळी पडायची, म्हणून त्यांना ‘कॅनरी’ पक्षी म्हणत. १९१८मध्ये तिथल्या तीस वर्षांवरच्या बऱ्याच बायकांना मतदानाचा हक्क मिळाला.

आणि आपली माणसं? या युद्धात १३ लाखांवर भारतीय गेले, सुमारे ७४ हजार परत आले नाहीत. इराकमधल्या कुट गावी सहाव्या पूना डिव्हिजनला तुर्कांनी वेढलं, त्यात मराठा पलटणी होत्या. अन्न संपल्यावर २९ एप्रिल १९१६ला शरणागती पत्करावी लागली. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावचे ४६ जवान या युद्धात कामी आले. भाचीला म्हटलं, हे त्याला मुद्दाम शिकव. तिथल्या पुस्तकांत हे एखाद्या ओळीत उरकलेलं असतं.

त्यानंतर चार आठवडे दोन युद्धांच्या मधल्या वीस वर्षांचे. पुष्कळदा हा भाग घाईत उरकला जातो. आमच्या आराखड्यात तोच गाभा आहे. १९१९च्या व्हर्सायच्या तहाने जर्मनीवर दंड बसला. नोव्हेंबर १९२३मध्ये एका डॉलरला सुमारे ४ लाख २० हजार कोटी मार्क मोजावे लागत होते. साठवलेला पैसा मातीमोल! घर चालवणाऱ्या बाईला हे लगेच समजतं. पुढे जागतिक मंदी आली आणि १९३२च्या सुरुवातीला जर्मनीत सुमारे ६० लाख बेकार होते.

“पण हिटलरला लोकांनीच निवडून दिलं ना?” हा प्रश्न येणारच. उत्तर आकड्यांत द्यायचं. जुलै १९३२ला त्याच्या पक्षाला ३७ टक्के मतं, नोव्हेंबरात ३३ टक्के. मोकळ्या निवडणुकीत त्याला बहुमत कधीच मिळालं नाही. ‘याला आपण ताब्यात ठेवू’ अशा भ्रमात असलेल्या पुढाऱ्यांच्या सल्ल्यावरून ३० जानेवारी १९३३ला त्याची चॅन्सेलर म्हणून नेमणूक झाली. मार्चमध्ये संसदेने स्वतःचेच अधिकार त्याला देऊन टाकले. एप्रिलमध्ये ज्यू सरकारी नोकरांना काढण्याचा कायदा, मे महिन्यात पुस्तकांच्या होळ्या, १९३५मध्ये ज्यूंचं नागरिकत्व गेलं. प्रत्येक पायरीवर शेजारी गप्प राहिले. मुलाने तारखांची एक शिडी काढायची आणि कुठल्या पायरीवर कोण बोलू शकलं असतं, ते बाजूला लिहायचं.

आमच्या अभ्यासिकेतही मी ही शिडी फळ्यावर काढली. तो ‘कडक’वाला मुलगा बराच वेळ बघत होता. मग म्हणाला, “काकू, म्हणजे पहिल्या महिन्यात कुणी बोललं असतं तर?” मी खडू त्याच्या हातात दिला.

दुसऱ्या महायुद्धाला पाच आठवडे. इथे आईने एक पथ्य पाळायचं. छळछावण्यांची चित्रं, सिनेमे आधी स्वतः पाहायचे, मग मुलाशेजारी बसून दाखवायचे. एकट्याला पडद्यासमोर सोडायचं नाही. सुरुवात ॲन फ्रँकच्या डायरीने करावी. तेराव्या वाढदिवसाला, १२ जून १९४२ला, तिला ही वही मिळाली. १९४५च्या सुरुवातीला ती छावणीत गेली. मारलेल्या सुमारे ६० लाख ज्यूंपैकी १५ लाखांच्या आसपास मुलं होती.

पण दुष्टपणा फक्त जर्मनीत होता असंही शिकवू नये. १९४२मध्ये अमेरिकेने सुमारे १ लाख २० हजार जपानी वंशाच्या लोकांना घरदार सोडायला लावून छावण्यांत ठेवलं. त्यातले दोन तृतीयांश अमेरिकेचेच नागरिक होते. सरकारने कायदा करून माफी मागितली ती १९८८मध्ये. टेक्सासमधल्या क्रिस्टल सिटीलाही अशी छावणी होती. मुलाला ती जागा दाखवता येईल. आणि १९४३चा बंगालचा दुष्काळ विसरायचा नाही. लढाई दूर होती, तरी सुमारे ३० लाख माणसं अन्नावाचून आणि रोगराईने गेली.

भाचीचं माहेर कोल्हापूरचं. तिला वळिवड्याची आठवण करून दिली. रशियाने हुसकावलेले सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित, बहुतेक बायका-मुलंच, १९४३ ते १९४८ या काळात तिथे राहिले. महायुद्धाचा एक तुकडा आपल्या पंचगंगेकाठी येऊन पाच वर्षं नांदला! ती म्हणाली, “मावशी, मी शाळेत असताना कुणी सांगितलंच नाही गं.”

शेवटचे दोन आठवडे ‘पुढे काय?’चे. हिरोशिमा, नागासाकी, न्यूरेंबर्गचा खटला, संयुक्त राष्ट्रं. १९४८च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात पहिल्याच कलमात इंग्रजीत ‘सर्व पुरुष’ असा अर्थ निघेल असे शब्द होते. भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांनी आग्रह धरला आणि तिथे ‘सर्व मानव’ आलं. परीक्षा नाही. त्याऐवजी नकाशे, तारखांची शिडी, एका सामान्य कुटुंबाची सहा वर्षं सांगणारा दहा पानांचा निबंध आणि घरातल्या किंवा ओळखीतल्या म्हाताऱ्या माणसाची मुलाखत.

मैत्रिणींनो, आपली मुलं शाळेत जातात, जाऊ द्यात. पण सुट्टीत आठवड्याचे दोन तास आपणही काढू शकतो. जगाचा एक नकाशा, एक वही आणि ते तीन प्रश्न पुरे. गावात फौजेतल्यांची घरं असतील तर मुलांना तिथे घेऊन जा. साताऱ्या-रत्नागिरीकडच्या काही गावांत ‘या गावातून इतके पुरुष महायुद्धाला गेले, त्यातले इतके मेले’ असं सांगणारे दगड आजही भिंतीत बसवलेले आहेत. त्यावर आकडे आहेत, नावं नाहीत. ती नावं शोधायला मुलांना लावा. रणगाड्यांची नावं त्यांना पाठ असतातच, ही माणसांची असू देत.