काशीला निघालेला पंखा

चेन्नईतल्या तमिळ ब्राह्मणांच्या लग्नात नवरदेव मुहूर्ताआधी काशीला निघतो. सोबत छत्री, काठी, पोथी आणि ताडाच्या पानाचा हातपंखा. मुलीचे वडील त्याला अडवतात, संसाराचा आग्रह धरतात आणि यात्रा मांडवाच्या दारातच आटोपते. या पंख्याने कुणी वारा घेत नाही. जरीकाठ, टिकल्या, आरसे लावून तो नटवलेला असतो. ही सजावट म्हणजे पंख्याची अधोगती, असे हस्तकलेचे कैवारी म्हणतील. मला उलट वाटते. छताला विजेचा पंखा आल्यावर हातपंख्याची रोजची गरज सरली. त्याचा घाट टिकवायला मानाच्या, देवाच्या, दानाच्या प्रसंगांनी मोठा हातभार लावला. आपल्याकडे अक्षय्य तृतीयेला माठाबरोबर पंखा दान देण्याची रीत आहे, तिचे कामही थोडेफार तेच.

मात्र शोभेच्या पंख्यानेही वारा दिलाच पाहिजे, आणि घरातल्या जुन्या वस्तूंपासून तो करताना नेमके इथेच घोडे अडते. पंखा हवा थंड करत नाही. अंगालगतचा दमट थर हलवतो, मग घाम वाळतो. चेन्नईच्या समुद्रकाठच्या हवेत घाम आपसूक वाळणे कठीण, म्हणून झोत रुंद हवा आणि मनगट थकता कामा नये. ताडाचे पान मुळाशी ताठ, कडेला पातळ असते. हा गुण पुठ्ठ्यात आणावा लागतो. जुन्या लग्नपत्रिकेचे दोन जाड कागद घ्यावेत, मधे खराट्याचे हीर मुठीकडून कडेकडे पसरून बसवावेत आणि कड विटलेल्या साडीच्या काठाने शिवून घ्यावी. नुसत्या खळीवर विसंबू नये, दमट हवेत तिला बुरशी लागते. फुटक्या बांगड्यांचे तुकडे, आरसे मुठीजवळच लावावेत. तेच वजन टोकाला गेले की प्रत्येक हेलकाव्याला हात भरून येतो. काठाची किनार दिसायला सुंदर असतेच, पण कड उसवू न देणे हे तिचे खरे काम.

घरोघरी असे पंखे झाले तर ताडपंखे विणणाऱ्यांचे पोट कसे भरणार? ही शंका रास्त आहे. ताड हा तमिळनाडूचा राज्यवृक्ष. तो जगवायचा तर त्याच्या पानाला गिऱ्हाईक हवेच. पण त्या कारागिराचे गिऱ्हाईक पळवले ते विजेने आणि जाहिरातीच्या फुकट प्लास्टिक पंख्यांनी, रद्दीतल्या पत्रिकेने नव्हे. काशीयात्रेसाठी तर मूळ पंखा ताडाचाच लागतो, घरच्या चिंध्या-जरी त्याच्यावर चढतात. दुसरा आक्षेप चमकी लावलेल्या, प्लास्टिकचा थर दिलेल्या पत्रिकांवर आहे, आणि तो मला जास्त वजनदार वाटतो. तमिळनाडूने 1 जानेवारी 2019 पासून एकदाच वापरायच्या 14 प्लास्टिक वस्तूंवर बंदी घातली. असल्या पत्रिका मात्र घरात येतच राहतात आणि प्लास्टिकच्या थरामुळे कागदाच्या लगद्यातही नीट जिरत नाहीत. त्यांचा पंखा केल्याने कचरा नाहीसा होत नाही, चार उन्हाळे लांबतो एवढेच. साध्या कागदाची पत्रिका हाताशी असेल तर पंख्यासाठी तीच घ्यावी. शिवण उसवून हीर आणि काठ पुन्हा वापरता येतात, उरलेला कागद रद्दीवाला घेतो.