कोळशाची वाट आणि तिची परीक्षा

(नभोवाणीवरील भाषण)

कोळशाचें नांव निघालें कीं आपल्या डोळ्यांपुढें खाण तरी येते, नाहीं तर धुराडें तरी येतें. या दोहोंमधली वाट मात्र सहसा आठवत नाहीं. परंतु जेथें कोळसा चढविण्या-उतरविण्याचा धक्का बांधला जातो, तेथें त्याच्या पाठोपाठ रस्ता किंवा लोहमार्ग येतोच. तो कोठून न्यावयाचा, त्यासाठीं कोणतें रान तोडावयाचें, आणि मुळांत तो हवा कीं नको, हें कोण तपासतें व कसें तपासतें, एवढाच आजचा विषय आहे. उदाहरणासाठीं गोव्यांतील एक प्रकरण घेऊं. या तपासणीचें बळ त्यांत दिसतें, आणि तिच्यांत राहिलेली फटहि दिसते.

मुरगांव बंदरापासून सह्याद्रीच्या माथ्यावरील कॅसलरॉकपर्यंतचा लोहमार्ग १८८८ सालीं, पोर्तुगीज अमदानींत, सुरू झाला. दूधसागर धबधब्यासमोरून जाणारी ही वाट प्रवाशाला रम्य वाटते. इंजिनाला मात्र ती फार जड जाते. कुळें सोडल्यावर चढ असा आहे कीं सदतीस फूट पुढें जावें तेव्हां गाडी एक फूट वर चढते. मालगाडीला तेथें जादा इंजिनें जोडावीं लागतात.

या बंदरांत परदेशचा कोळसा उतरतो आणि वाघिणींत भरून होस्पेट-बळ्ळारीकडील पोलादाच्या कारखान्यांकडे जातो. पुढें वाहतूक वाढणार, या हिशेबानें दक्षिण-पश्चिम रेल्वेनें हा एकेरी मार्ग दुहेरी करण्याचें योजिलें. घाटांतील टप्पा भगवान महावीर अभयारण्य व मोलें राष्ट्रीय उद्यान यांमधून जातो. त्याच सुमारास याच अरण्यांतून महामार्गाचें चौपदरीकरण आणि विजेची वाहिनी असे आणखी दोन प्रस्ताव पुढें आले.

अशा प्रस्तावाला किती दारें ओलांडावीं लागतात, तें पाहूं. पहिलें दार पर्यावरणाच्या परवानगीचें. २००६ च्या अधिसूचनेनुसार खाणी, बंदरें, मोठे महामार्ग यांच्या परिणामांचा अहवाल तयार व्हावा लागतो, आणि बहुतेक प्रसंगीं जनसुनावणीहि घ्यावी लागते. मुरगांव बंदरांतील कोळशाच्या वाढीव कामांसंबंधीं अशी सुनावणी २०१७ सालीं वास्को येथें झाली, व नागरिकांनीं तेथें मोठ्या संख्येनें हरकती नोंदविल्या. पण याच अधिसूचनेच्या यादींत लोहमार्गांचा समावेश नाहीं! म्हणजे कोळसा ज्या धक्क्यावर उतरणार त्याची सुनावणी होते, आणि तो ज्या वाटेनें जाणार तिची होत नाहीं. दुसरें दार १९८० च्या वनसंवर्धन कायद्याचें, तिसरें १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचें. लोहमार्गाला हीं दोनच दारें उरलीं.

फट आहे ती येथेंच. धक्क्याचे कागद एका कचेरींत, वाटेचे दुसऱ्या कचेरींत. धक्क्याच्या कागदांत माल रेल्वेनें जाईल असें धरून चालतात. रेल्वेच्या कागदांत बंदरावर माल येईलच असें धरून चालतात. दोन गृहीतें एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून उभीं राहतात, आणि पायाखालची जमीन कोणीच तपासून पाहत नाहीं.

राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीनें लोहमार्गास संमति दिली. गोवा फाउंडेशन या संस्थेनें त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयाच्या केंद्रीय अधिकार समितीकडे धांव घेतली. या समितीनें एप्रिल २०२१ च्या अहवालांत अगदीं साधा प्रश्न विचारला: दुसरी पटरी टाकून मिळणार काय? चढ तर तोच राहणार. तेव्हां वाहतुकीची शक्ति थोडीशीच वाढेल, आणि पश्चिम घाटाचें नाजूक रान मात्र कायमचें जाईल, असा तिचा निष्कर्ष होता. ९ मे २०२२ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें कॅसलरॉक ते कुळें या टप्प्याची संमति रद्द केली. वन्यजीवांवरील परिणामांचा पुरेसा अभ्यास झालेला नव्हता, आणि जी हानि भरून येण्यासारखी नसते तिच्याबाबत आधींच सावध राहिलें पाहिजे, हें त्यामागचें तत्त्व. दार मात्र न्यायालयानें कायमचें लावलें नाहीं. रीतसर अभ्यास करून रेल्वेला नवा प्रस्ताव मांडतां येईल, असेंहि त्यांत म्हटलें आहे.

रेल्वेचा पक्ष अगदींच पोकळ होता, असें कोणी समजूं नये. तोच कोळसा घाटांतून मोटारलाऱ्यांनीं नेला तर धूळ, धूर आणि अपघात वाढतात; त्या मानानें लोहमार्ग पुष्कळ बरा. परंतु 'रस्त्यापेक्षां बरा' हें उत्तर 'कोणत्या मार्गानें' या प्रश्नाचें झालें. 'इतका माल येथून नेण्याची गरज आहे काय' हा प्रश्न त्याच्या आधींचा आहे, आणि परीक्षेला आरंभ तेथूनच झाला पाहिजे.

यांत आपला संबंध काय, असें कोणी विचारील. घनसावंगीसारख्या गोदाकांठच्या तालुक्यांत ना कोळसा, ना बंदर. पण रस्त्यांच्या आखण्या तेथेंहि येतात आणि तुमच्या-आमच्या शहराच्या कडेलाहि येतात. जेथें जनसुनावणी असते, तेथें निदान तीस दिवस आधीं वर्तमानपत्रांत सूचना द्यावी लागते. अहवालाचा स्थानिक भाषेंतील सारांश जिल्हाधिकारी कचेरींत व जिल्हा परिषदेंत पाहावयास मिळतो, आणि लेखी हरकतहि देतां येते. ती सूचना वाचतांना, हा रस्ता कोणत्या धक्क्यासाठीं आहे, आणि त्या धक्क्याचे कागद कोणत्या कचेरींत आहेत, एवढें विचारावयास विसरूं नये. मोलेंच्या रानाचें भवितव्य अशाच एका प्रश्नानें बदललें. दुर्दैव इतकेंच कीं, तो पहिल्या दाराशीं विचारला गेला नाहीं, शेवटच्या दाराशीं विचारावा लागला.