आकाशाची युनियन

यंत्रमाग कामगारांत वावरणारा माणूस खगोलशास्त्रावर काय बोलणार, असे आपल्यापैकी पुष्कळांना वाटले असेल. ग्रहताऱ्यांचे गणित मला येत नाही. मी बोलणार आहे ते त्या शास्त्रज्ञांच्या संघटनेविषयी, आणि संघटना या वस्तूशी माझा तीस वर्षांचा परिचय आहे.

आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघ २८ जुलै १९१९ रोजी ब्रुसेल्स येथे स्थापन झाला. त्याच्या इंग्रजी नावात ‘युनियन’ हा आपलाच शब्द आहे. महायुद्ध नुकतेच संपले होते; जेत्यांनी संघ काढला आणि जर्मनीला आरंभी दाराबाहेर ठेवले. आज त्याची कचेरी पॅरिसला आहे.

त्याचे सभासद दोन तऱ्हांचे. एक देश, दुसरे शास्त्रज्ञ. वर्गणी देशांनी भरावयाची. शास्त्रज्ञाकडून पैसा घेत नाहीत. मग मत कोणाचे? येथे त्यांनी मोठी शहाणी वाटणी केली आहे. अंदाजपत्रकाचा प्रश्न आला की देश मत देतात, आणि ज्याची वर्गणी मोठी त्याची मते अधिक. शास्त्राचा प्रश्न आला की प्रत्येक शास्त्रज्ञाला एक मत. तेथे श्रीमंत देशाचा आणि गरीब देशाचा माणूस सारखाच. सर्वसाधारण सभा तीन वर्षांनी भरते. १९८५ साली ती दिल्लीला भरली होती. अध्यक्षाची मुदतही तीनच वर्षांची, आणि पुढचा अध्यक्ष आधीच निवडून शेजारी बसवलेला असतो. सरचिटणीसाचेही तसेच, सहचिटणीस तीन वर्षे काम शिकतो, मग खुर्चीवर येतो. (आमच्याकडे सरचिटणीस खुर्चीवरून उठतो तो चौघांच्या खांद्यावर!) वेणू बाप्पू १९७९ मध्ये अध्यक्ष झाले, मुदत संपता संपता, १९ ऑगस्ट १९८२ रोजी ते वारले. कोल्हापुरात जन्मलेले आपले जयंत नारळीकर १९९४ ते १९९७ या काळात संघाच्या विश्वरचनाशास्त्र आयोगाचे अध्यक्ष होते. खरे शास्त्रीय काम चालते ते अशा आयोगांतून.

आता प्लूटोची गोष्ट. ग्रह कशाला म्हणावे, हे ठरविण्यास संघाने सात जणांची समिती नेमली. तिच्या व्याख्येने ग्रह नवाचे बारा झाले असते. २००६ साली प्रागच्या सभेत सभासद बिथरले, मसुदा बदलावा लागला, आणि २४ ऑगस्टला, अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी, पिवळी कार्डे वर करून मतदान झाले. प्लूटो ग्रहांतून गेला. आपल्या नवग्रहांत तो नव्हताच, त्यामुळे आपल्या पूजेत काही अडले नाही. पण मतदानाला हजर किती? सुमारे नऊ हजार सभासदांपैकी ४२४! घरी परतलेल्यांना मतच नव्हते.

हे वाचले तेव्हा मला एक जुनी सभा आठवली. एका संघटनेत मी तरुण कार्यकर्ता होतो. पगाराच्या कराराला मंजुरी घ्यावयाची होती. सभा सकाळी लावली. रात्रपाळीची माणसे झोपेत होती. चाळीसेक हात वर झाले आणि करार पास झाला. त्या चाळिसांत माझाही हात होता. संध्याकाळी पूर्व भागातल्या एका वृद्ध विणकराने मला विचारले, “दादा, आमचा हात कुणी वर केला?” नियमाप्रमाणे सभा बिनचूक होती. मला उत्तर देता आले नाही.

शास्त्रज्ञांनाही असेच विचारले गेले, आणि संघाने रीत बदलली. विश्वाच्या प्रसरणाच्या नियमाला हबलबरोबर लमेत्र या बेल्जियन धर्मगुरूचे नाव जोडावे, हा ठराव २०१८ साली व्हिएन्नाच्या सभेत मांडला गेला. तेथे नुसती चर्चा आणि अजमास झाला. खरे मतदान मागाहून संगणकावरून, घरबसल्या. ११,०७२ मतदारांपैकी ४,०६० जणांनी मत दिले, आणि शेकडा ७८ मतांनी ठराव मंजूर झाला. शंभरातले त्रेसष्ट तरीही गप्पच राहिले. पण या वेळी त्यांना विचारले गेले होते.