विधान परिषद ठेवावी की काढावी, आणि ते कोणी ठरवावे?

महाराष्ट्राच्या विधिमंडळाला दोन सभागृहे आहेत. २८८ सदस्यांची विधानसभा सर्वांच्या परिचयाची आहे. ७८ सदस्यांच्या विधान परिषदेचे नाव मात्र बहुधा एखादा पराभूत पुढारी ‘मागच्या दाराने’ आमदार झाला की कानी पडते. मग ही परिषद हवीच कशाला, आणि थेट लोकांचा कौल घेऊन ती बरखास्त का करू नये, असा सूर उमटतो. इयत्ता दहावीचे विद्यार्थीही हा प्रश्न विचारतात, आणि तो टाळण्याजोगा नाही.

जगात असे कौल घेतले गेले आहेत. डेन्मार्कने १९५३ मध्ये जनमत घेऊन वरिष्ठ सभागृह रद्द केले. आयर्लंडमध्ये ४ ऑक्टोबर २०१३ रोजी हाच प्रश्न जनतेपुढे आला. सुमारे ३९ टक्केच मतदार बाहेर पडले आणि ५१.७ टक्क्यांनी सभागृह राखले. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडची कथा अधिक बोलकी आहे. तेथील जनतेने १९१७ मध्ये बरखास्ती नाकारली, तरी १९२२ मध्ये सरकारने कायदा करून ते सभागृह मोडलेच.

आपल्या संविधानात मात्र सार्वमताची तरतूद नाही. मराठी माणसाला ठाऊक असलेला कौल गोव्याचा. १६ जानेवारी १९६७ रोजी महाराष्ट्रात विलीन व्हावे की वेगळे राहावे, हे गोवेकरांनी ठरविले आणि विलीनीकरण ३४ हजारांहून अधिक मतांनी फेटाळले. त्यासाठीही संसदेला १९६६ मध्ये खास कायदा करावा लागला होता.

परिषदेची वाट अनुच्छेद १६९ मध्ये आखलेली आहे. विधानसभेने एकूण सदस्यसंख्येच्या बहुमताने, शिवाय उपस्थित राहून मत देणाऱ्यांच्या दोन-तृतीयांश मतांनी ठराव करावयाचा. त्यानंतर संसदेने साधा कायदा करावयाचा. सर्व २८८ जणांनी मतदान केले तर १९२ मते लागतील. परिषदेची स्वतःची संमती लागत नाही. संविधान सभेत बाबासाहेबांनी प्रांतिक वरिष्ठ सभागृह हा एक प्रयोग असल्याचे स्पष्ट केले होते आणि तो मोडण्याचा मार्गही संविधानातच ठेवला होता. त्याचा वापर पंजाब, पश्चिम बंगाल व तमिळनाडूने केला. आंध्र प्रदेशाने तर १९८५ मध्ये परिषद काढली, २००७ मध्ये पुन्हा आणली, २०२० मध्ये पुन्हा काढण्याचा ठराव केला आणि २०२१ मध्ये तो मागे घेतला. सत्तेवर कोण आहे आणि परिषदेत बहुमत कोणाचे आहे, याच्याशी या येरझाऱ्यांचा संबंध होता. तत्त्वाशी फारसा नव्हता.

परिषदेचे अधिकार बेताचेच आहेत. धनविधेयक ती चौदा दिवस आणि अन्य विधेयक पहिल्या खेपेस तीन महिने, दुसऱ्या खेपेस एक महिना अडवू शकते. म्हणजे नकाराधिकार नव्हे, फेरविचाराची सवड. ही कल्पना आपल्याला परकी वाटू नये. विनय पिटकात महत्त्वाच्या कामासाठी आधी ज्ञप्ती मांडून नंतर तीच गोष्ट संघापुढे तीनदा उच्चारण्याची रीत आहे. मतभेद असल्यास शलाका वाटून बहुमत पाहिले जाई. कार्ले, भाजे व बेडसे येथील लेण्यांत ज्या भिक्खूंचा वास होता, त्यांची परंपरा ही होय. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी संघाच्या या संसदीय शिस्तीकडे देशाचे लक्ष वेधले होते.

परिषदेने काही दिलेच नाही, असेही नाही. दीर्घकाळ सभापती राहिलेले वि. स. पागे हे रोजगार हमी योजनेचे जनक. १९७२ च्या दुष्काळात तिने हजारो भूमिहीनांच्या घरी चूल पेटती ठेवली. रा. सू. गवई १९६८ पासून उपसभापती आणि १९७८ ते १९८२ सभापती होते. आंबेडकरी चळवळीतील कार्यकर्ता त्या आसनावर बसला, ही लहान गोष्ट नव्हे.

तरीही माझा खरा आक्षेप येथेच आहे. विधानसभेत अनुसूचित जातींसाठी २९ व जमातींसाठी २५ जागा राखीव आहेत. परिषदेत एकही नाही. अनुच्छेद ३३२ केवळ विधानसभेपुरता आहे. २०२३ च्या महिला आरक्षणातही परिषदेला स्थान मिळाले नाही. गवईंसारखी माणसे तेथे पोहोचली, ती हक्काने नव्हे. राज्यपालनियुक्त बारा जागा साहित्य, विज्ञान, कला, सहकार व समाजसेवेतील जाणकारांसाठी आहेत. त्यांसाठी नोव्हेंबर २०२० मध्ये पाठविलेली नावे ते सरकार जाईपर्यंत मंजूर झाली नाहीत.

मतदारांची रचनाही विषम आहे. ७८ पैकी ३० सदस्य आमदार निवडतात, २२ स्थानिक संस्था, तर पदवीधर व शिक्षक प्रत्येकी ७. लोणावळ्याचा नगरसेवक मत देतो. पवन मावळातील ग्रामपंचायत सदस्याला ते नाही. शिक्षक मतदारसंघात माध्यमिक व त्यावरच्या संस्थेत गेल्या सहांपैकी किमान तीन वर्षे शिकविलेल्यालाच मत आहे. एकाच आवारात दहावीच्या गुरुजींना मत आणि पहिलीच्या पोरांकडून अक्षरे गिरवून घेणाऱ्या बाईंना नाही! नगरपालिका व जिल्हा परिषदांच्या निवडणुका वर्षानुवर्षे लांबल्या, त्यामुळे स्थानिक संस्थांच्या कित्येक जागा रिकाम्या पडल्या, हे आणखी वेगळेच.

म्हणून मी बरखास्तीच्या बाजूने नाही आणि सार्वमताच्या तर मुळीच नाही. ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच विचारणाऱ्या मतपेटीत अल्पसंख्य समाजाला अटी घालता येत नाहीत, आणि आपला प्रश्न तर अटींचाच आहे. अनुच्छेद १७१(२) अन्वये परिषदेची रचना संसदेला साध्या कायद्याने बदलता येते. प्राथमिक शिक्षक व ग्रामपंचायत सदस्य यांना मताधिकार आणि दलित-आदिवासींना जागा, ही मागणी त्या दाराशी नेली पाहिजे. ती सातत्याने नाकारली गेली, तर मात्र १९२ मतांच्या ठरावास विरोध करण्याचे कारण माझ्यापाशी उरणार नाही.

तोवर एक व्यवहाराची गोष्ट. पदवीधर व शिक्षक मतदारसंघांच्या याद्या प्रत्येक निवडणुकीपूर्वी नव्याने होतात. मागचे नाव आपोआप पुढे येत नाही. पुणे, सातारा, सांगली, सोलापूर व कोल्हापूर हे पाच जिल्हे मिळून आपला मतदारसंघ होतो. पदवी मिळून तीन वर्षे झालेल्या माजी विद्यार्थ्यांनी नमुना क्रमांक १८ आणि पात्र शिक्षकांनी नमुना क्रमांक १९ वेळेत भरावा.