स्वतःचा मेल सर्व्हर: सुरू करणं सोपं, मेल पोहोचवणं अवघड

डॉकरवर पोस्टफिक्सचा कंटेनर काही मिनिटांत सुरू होतो. पण त्यातून पाठवलेला मेल इनबॉक्समध्ये पोहोचेलच असं नाही.

अनेक क्लाउड कंपन्या बाहेर जाणारा पोर्ट २५ बंद ठेवतात. तो आधी तपासा. आयपीला रिव्हर्स डीएनएस हवा. तुमच्या डोमेनच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात, हे एसपीएफ सांगतं. डीकेआयएम मेलवर डिजिटल सही करतं. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलला यांपैकी एक तरी लागतंच. रोज ५,००० हून जास्त मेल पाठवणाऱ्यांना दोन्ही, शिवाय डीमार्कही.

मेलची रांग व्हॉल्यूमवर ठेवा. नाहीतर कंटेनर काढून नवा केला की थांबलेले मेल गेलेच. आणि सर्व्हर सगळ्यांना खुला ठेवू नका. स्पॅमवाल्यांनी वापरला, तर आयपी काळ्या यादीत जातो आणि तुमच्या ग्राहकांना ओटीपीही मिळत नाही.