अकराजणी आणि दुपारचा शो

"अहो, जरा सरकता का? आम्ही अकराजणी आहोत."

आठवड्याचा मधला वार, दुपारी बाराचा शो. माझ्या रांगेत भिशीचा अख्खा ग्रुप शिरला. नऊवारी, नाकात नथ, डोळ्यांवर काळा गॉगल. मी सरकत सरकत भिंतीला लागलो. दिवे मालवले आणि शेजारून अळुवडीचा वास आला. थिएटरात बाहेरचं खाणं न्यायला बंदी असते, पण या बायकांच्या पिशव्या तपासायची दारावरच्या पोराची छाती झाली नसावी.

केदार शिंदे यांचा 'बाईपण भारी देवा' 30 जून 2023 रोजी, आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी लागला. पोस्टरवर हिरो नाही. रोहिणी हट्टंगडी, वंदना गुप्ते, सुकन्या मोने, शिल्पा नवलकर, सुचित्रा बांदेकर आणि दीपा परब या सहाजणी, सगळ्या चाळिशीपलीकडच्या. गोष्ट एका ओळीची: एकमेकींपासून तुटलेल्या बहिणी मंगळागौरीच्या स्पर्धेसाठी एकत्र येतात. एवढ्या भांडवलावर या सिनेमाने जमवलेल्या गल्ल्यापुढे तोवरच्या मराठी चित्रपटांत 'सैराट' तेवढा उरला.

मात्र सिनेमा पाहून आलेल्यांचं एकमत काही झालं नाही. माझ्या ओळखीतल्या एका शिक्षिकेने तीनदा पाहिला, तिन्ही वेळा वेगळ्या मैत्रिणींबरोबर. तिच्या नवऱ्याला मध्यंतरालाच घरी जायचं होतं. "सहा बायकांची सहा रडगाणी, प्रत्येकीला पंधरा मिनिटं" हा त्याचा हिशेब. तो अगदीच चुकीचा नाही. सहा संसार दोन-सव्वादोन तासांत बसवायचे तर प्रत्येकीचं दुःख थोडक्यात उरकावं लागतं, आणि त्यातली पोकळी पार्श्वसंगीत भरून काढतं. डोळ्यांत पाणी यायच्या आधीच व्हायोलिन येऊन बसलेलं असतं. पुरुष पात्रं तर बहुतेक एकाच साच्यातली.

दुसरी तक्रार मला जास्त वजनाची वाटते. मंगळागौर हे सौभाग्याचं व्रत. लग्नानंतरची पाच वर्षं श्रावणातल्या मंगळवारी नवऱ्यासाठी करायचं. बाईने स्वतःसाठी जगावं असं सांगणाऱ्या सिनेमाला वाट सापडावी ती नेमकी याच व्रतातून? हा प्रश्न विचारणाऱ्या तरुण मुली मला भेटल्या आणि त्यांचं म्हणणं खोडून काढणं सोपं नाही.

पण व्रतातली पूजा सकाळी आटोपते, जागरण रात्रीचं असतं. फुगडी, झिम्मा, पिंगा, लाट्या, सूप नाचवणं, आणि मध्ये मध्ये सासू-नणंदेचा उद्धार करणारी गाणी. ज्या काळी सुनेला उंबऱ्याबाहेर मोठ्याने हसायची सोय नव्हती, त्या काळी वर्षातल्या एखाद्या रात्री पदर खोचून घाम फुटेस्तोवर नाचायची ही परवानगी होती. तीही देवीच्या नावाने, म्हणजे कुणाला हरकत घेता येत नाही. सिनेमाने उचलली ती ही रात्र, सकाळची पूजा नव्हे. शिवाय आज मंगळागौर खेळणारे ग्रुप गावोगाव आहेत. एका रंगाच्या साड्या, ठरलेली बिदागी, महिनाभर तालीम. घरची कामं उरकून, गुडघ्याला पट्टा बांधून त्या तालमीला जाणाऱ्या बाईला पडद्यावरच्या त्या बहिणी कोण, हे सांगावं लागत नाही.

मला वाटतं, मतं फाटली ती बव्हंशी शेजारामुळे. आपण आवडीनिवडीवर बोट ठेवतो, पण सिनेमा कुणाच्या शेजारी बसून पाहिला, त्याने जास्त फरक पडला. रजोनिवृत्तीचा विषय निघाला तेव्हा माझ्या रांगेत आधी खसखस पिकली आणि मग एकदम शांतता. तिसऱ्या खुर्चीवरच्या बाईंनी गॉगल काढून पदराने पुसला, पुन्हा लावला. अंधारात! शेवटच्या गाण्याला अकराच्या अकराजणी उठल्या आणि पडद्यापुढच्या चिंचोळ्या जागेत फेर धरला. दारावरचा पोरगा मोबाइलवर शूटिंग करत होता. हे सगळं वजा केलं तर हातात उरते एक बरीशी, जरा पसरट कौटुंबिक गोष्ट. 1991 साली 'माहेरची साडी'चंही असंच झालं होतं. शहाण्यासुरत्यांनी नाकं मुरडली आणि बायका रुमाल घेऊन रांगेत उभ्या राहिल्या.

दुसऱ्यांदा मी तो घरी पाहिला, बहात्तर वर्षांच्या मावशीबरोबर. कुकरच्या शिट्टीला थांबवला, दूधवाला आला म्हणून थांबवला. भाचा मध्येच डोकावून "मालिका बघताय का?" म्हणून गेला. मीही दोनदा घड्याळ पाहिलं. मावशी मात्र शेवटपर्यंत बसली.

"कसा वाटला?"

"ठीक आहे. आम्ही बहिणी याहून बऱ्या भांडायचो," ती म्हणाली. मग चष्मा पुसत, जरा वेळाने, "त्या बायका थिएटरात खरंच नाचल्या होत्या का रे?"