ठाऊक नाही, म्हणून चाचणी

दवाखान्यात माणूस येतो तो डॉक्टरांना सगळं ठाऊक आहे या भरवशावर. आमच्या टेबलापाशी मात्र त्याला वेगळंच ऐकावं लागतं. "दोन उपचार आहेत. त्यांतला कोणता जास्त बरा, हे अजून कुणालाच नक्की ठाऊक नाही. ते शोधायला तुमची मदत हवी आहे. नको म्हणालात तरी तुमचे नेहमीचे उपचार चालूच राहतील." टीबीच्या औषधांच्या चाचण्यांमध्ये समन्वयक म्हणून काम करताना हेच मी दिवसभर सांगत असते. क्लिनिकल ट्रायल म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे प्रयोगशाळा आणि यंत्रं येतात. खरं तर सगळी चाचणी "ठाऊक नाही" या कबुलीवर उभी असते. ती शेवटच्या पेशंटच्या शेवटच्या तपासणीपर्यंत खोटी पडू न देणं, हेच आमचं काम.

सर्वांत अवघड भाग सुरुवातीलाच येतो: संमती. पानामागून पान भरलेलं माहितीपत्रक मराठीत असतं, हिंदीत असतं, तरीही ते वाचून दाखवावं लागतं, मध्ये थांबावं लागतं, पुन्हा सांगावं लागतं. पेशंटला लिहिता-वाचता येत नसेल तर चाचणीशी काहीही संबंध नसलेला साक्षीदार शेजारी बसवायचा, मगच अंगठा घ्यायचा. ठरावीक चाचण्यांत हे सारं बोलणं कॅमेऱ्यासमोर होतं. आणि बहुतेक पेशंटना यातलं काहीच नको असतं. एका मावशींनी बसल्याबसल्याच पेन मागितलं.

"सही कुठं करायची तेवढं दाखवा. डॉक्टरसाहेब सांगतायत म्हणजे बरोबरच असणार."

"सही नंतर, मावशी. आधी मला सांगा, तुम्हाला काय कळलं?"

"तुम्ही मला नवीन औषध देणार."

"देऊच असं नाही. कुणाला नवीन मिळेल, कुणाला सध्याचं. चिठ्ठी निघेल तसं."

"म्हणजे भिशीसारखं?"

"चिठ्ठी तशीच. पण भिशीत आज नाही तर पुढच्या महिन्यात आपला नंबर लागतो. इथं एकदा निघाली ती निघाली."

"आणि काढणार कोण? तुम्ही?"

"मी नाही, डॉक्टरही नाहीत. कंप्युटर काढतो."

"मग बरंय. माणसानं काढली की ओळखीच्याला आधी."

मावशी जे सहज बोलून गेल्या, त्यासाठी वैद्यकशास्त्राला १९४०चं दशक उजाडावं लागलं. स्ट्रेप्टोमायसिन तेव्हा नवीन होतं आणि ब्रिटनमध्ये त्याचा साठा अगदी तुटपुंजा होता. सगळ्यांना पुरणार नाही हे स्पष्ट होतं. मग कोणाला द्यायचं? डॉक्टरांवर सोडलं असतं तर कुणी जास्त आजारी पेशंट निवडले असते, कुणी बरे होण्यासारखे, आणि फरक औषधामुळे पडला की निवडीमुळे, हे कधीच कळलं नसतं. ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल या संख्याशास्त्रज्ञानं यादृच्छिक आकड्यांवरून बंद पाकिटं तयार करवली. पेशंट चाचणीत घेतल्यावरच पाकीट उघडायचं. ५५ जणांना औषध आणि विश्रांती मिळाली, ५२ जणांना फक्त विश्रांती, आणि तेव्हाचा नेहमीचा उपचारही तोच होता. सहा महिन्यांत पहिल्या गटातले ४ दगावले, दुसऱ्यातले १४. आज पाकिटाच्या जागी स्क्रीन आला आहे, तत्त्व तेच आहे. चिठ्ठी निघते तेव्हा पेशंटइतकीच उत्सुकता मलाही असते, पण निकाल काहीही लागला तरी माझ्या चेहऱ्यावर "अरेरे" उमटून चालत नाही. सध्याचं औषध मिळालेला पेशंट हिरमुसला की त्याला पुन्हा सांगते, नवीन म्हणजे चांगलंच असं आपण अजून म्हणू शकत नाही.

यानंतर सुरू होतात हेलपाटे, तारखा आणि नोंदी. नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या टीबीवर, ज्याला पेशंटही एमडीआर म्हणतात, पूर्वी दीड-दोन वर्षं उपचार चालत. त्यात महिनोन्‌महिने इंजेक्शनं असत, आणि त्या इंजेक्शनांनी कित्येकांची ऐकण्याची शक्ती कायमची गेली. आता बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड अशा गोळ्यांनी ती मुदत सहा महिन्यांवर आली आहे. पण या गोळ्याही त्रास देतात. बेडाक्विलिनमुळे हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते, म्हणून ठरलेल्या तारखांना ईसीजी. लिनेझोलिडमुळे रक्त कमी होतं, नजर अधू होऊ शकते, हातापायांच्या नसा बधिर होतात.

नसांची तपासणी बघण्यासारखी असते. पेशंटला चप्पल काढून बाकावर बसवतात. डॉक्टर ट्युनिंग फोर्क हाताच्या तळव्यावर आपटतात आणि त्याचा दांडा पायाच्या अंगठ्याच्या हाडावर टेकवतात. "भणभण जाणवतेय? थांबली की सांगा." मी घड्याळाकडे बघत सेकंद मोजते. दहा सेकंदांच्या वर गेलं की ठीक. त्याआधीच "थांबली" आलं तर डॉक्टर फोर्क स्वतःच्या बोटाला लावून बघतात. कंप तिथं अजून चालू असतो. त्या क्षणी पेशंटला काहीच दुखत नसतं, तो आनंदात असतो, वजनही वाढलेलं असतं. कागदावर मात्र लिहावंच लागतं: डावा पाय, अंगठा, इतके सेकंद. पुढच्या भेटीत तोच आकडा घसरला तर डोस कमी करायचा की औषध थांबवायचं, हे डॉक्टर त्यावरून ठरवतात. आकडा चुकून खोडावा लागला तर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी आद्याक्षरं आणि तारीख. व्हाइटनरला आमच्या खोलीत बंदी आहे.

थुंकीचा नमुना घेतानाही असंच. सकाळी उठल्यावरचा बेडका हवा असतो, लाळ नको. उघड्या हवेशीर जागेत पेशंटला उभं करून दीर्घ श्वास घ्यायला सांगायचं, खोलवरून खोकायला लावायचं. नळी उजेडात धरली की अनुभवानं कळतं. घट्ट, पिवळसर असेल तर पुढे पाठवायची, पाण्यासारखं पातळ असेल तर "दादा, पुन्हा एकदा." या दोन-चार मिलिलिटरवर पुढचं सारं अवलंबून असतं, कारण औषधांच्याच नव्हे, निदानाच्या नव्या पद्धतींच्याही चाचण्या होतात. एकाच बेडक्यावर नवी तपासणी करायची आणि जुनी खात्रीची, म्हणजे जंतू वाढवून बघणारं कल्चरही लावायचं. दोन्हीकडच्या माणसांना एकमेकांचे निकाल कळू द्यायचे नाहीत, आणि शेवटी ताडून बघायचं. आज तालुक्यापर्यंत पोचलेली सीबीनॅट ही टीबीची यंत्रावरची तपासणी अशीच पारखली गेली. तिच्या मोठ्या अभ्यासात लिमा, बाकू, केपटाऊन, डर्बनबरोबर मुंबईही होती. २०१० साली निकाल प्रसिद्ध झाला. सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसलेल्या पेशंटपैकी ९८.२ टक्के या यंत्रानं एका तपासणीत ओळखले, आणि जंतू न दिसलेल्या, पण कल्चरमध्ये टीबी ठरलेल्यांपैकीही ७२.५ टक्के. कल्चरला कित्येक आठवडे लागतात, या यंत्राला दोन तास. मुंबईच्या पेशंटनी दिलेल्या नळ्यांचा त्यात वाटा आहे, आणि त्यांच्यापैकी फार थोड्यांना तो ठाऊक असेल.

बाहेरच्या माणसाला सर्वांत नवल वाटतं ते आमच्या वाईट बातम्या जमवण्याचं. मळमळ, पुरळ, झोप न लागणं, सगळं विचारून विचारून लिहायचं. कुणाला अ‍ॅडमिट करावं लागलं किंवा कुणी दगावलं, तर कारण वरवर कितीही वेगळं असलं तरी चोवीस तासांच्या आत केंद्रीय औषध नियंत्रकांना, प्रायोजकाला आणि चाचणीवर देखरेख ठेवणाऱ्या नीतिसमितीला कळवणं प्रमुख संशोधकाला बंधनकारक आहे. औषधाशी संबंध आहे की नाही, हे सविस्तर नंतर तपासतात, आधी कळवायचं. चाचणीत इजा झाली तर उपचार मोफत आणि चाचणीमुळे झाली असेल तर भरपाईही, हे औषध चाचण्यांच्या २०१९च्या नियमांत स्पष्ट आहे.

आणि मधेच यायचे बंद होतात त्यांचं काय? फोन लावला की कुणी सांगतो, "मॅडम, गणपतीला गावाला आलोय, गोळ्या संपल्या." कुणाची नवी नोकरी, सुट्टी मिळत नाही. कुणी आठवडाभर उलट्या सोसून गोळ्याच सोडलेल्या. अशांना हिशेबातून वगळलं तर निकाल छान दिसतो, पण तो खोटा असतो. जे औषध खरोखरच्या माणसांना सोसत नाही, ते कागदावर यशस्वी ठरून काय उपयोग? म्हणून जो ज्या गटात चिठ्ठीनं गेला, त्याची गणना शेवटपर्यंत त्याच गटात होते. फोन, घरचा पत्ता, शेजारी, कसाही त्याचा ठावठिकाणा लावायचा. तो "मला आता नको" म्हणाला तर मात्र तिथंच थांबायचं. कारणही सक्तीनं विचारायचं नाही.

या सगळ्या कष्टांतून काय हाती येतं? कधी कधी सगळ्यांची पक्की समजूत खोटी ठरते. १९५६ साली मद्रासमध्ये टीबीच्या पेशंटची चिठ्ठीनंच विभागणी झाली. काही सॅनेटोरियममध्ये, काही आपापल्या गर्दीच्या, गरिबीच्या घरांत. औषधं दोघांनाही तीच. चांगली हवा, पौष्टिक जेवण आणि सक्तीची विश्रांती यांशिवाय टीबी बरा होत नाही, असं जग मानत होतं. घरचे पेशंटही जवळजवळ तितकेच बरे झाले आणि घरातल्यांना जास्तीची लागण झाली नाही. सॅनेटोरियमचं युग त्यानंतर ओसरत गेलं. पण म्हणून जेवणाचं महत्त्व संपलं का? तेही कुणाला नीट ठाऊक नव्हतं. झारखंडात २०१९पासून पेशंटच्या घरच्या १०,३४५ जणांवर अभ्यास झाला. एका गटाला दरमहा दर प्रौढामागे पाच किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वं मिळाली. २०२३ साली 'लॅन्सेट'मध्ये निकाल आला: त्या गटात टीबी होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी. रेशनची पिशवीही औषधासारखी काटेकोरपणे तपासता येते, हे मला या अभ्यासात फार मोलाचं वाटतं.

आणि उत्तर मिळालं की चिठ्ठ्या थांबल्या पाहिजेत. एमडीआर टीबीवरच्या सहा महिन्यांच्या गोळ्यांची एक चाचणी बेलारूस, दक्षिण आफ्रिका आणि उझबेकिस्तानात चालू होती. आकड्यांवर लक्ष ठेवणाऱ्या स्वतंत्र समितीला दिसलं की नवा उपचार स्पष्टपणे सरस आहे. २०२१ साली नवीन पेशंट घेणं मुदतीआधीच थांबवलं गेलं. पहिल्या प्रसिद्ध निकालांत नव्या उपचाराचं यश ८९ टक्के होतं, जुन्याचं ५२. ठाऊक झाल्यावरही कुणाला कमी दर्जाच्या उपचारावर ठेवणं हा अन्यायच ठरला असता.

"आमच्यावर प्रयोग करताय का?" हा प्रश्न अधूनमधून येतोच. मी "हो" म्हणते, कारण तेच खरं आहे. प्रश्नामागची शंकाही निराधार नसते. २००९ साली तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम जिल्ह्यात मुलींना एचपीव्ही लस देण्याच्या अभ्यासात कित्येक संमतीपत्रांवर पालकांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या होत्या. संसदीय समितीनं २०१३ साली त्यावर कडक ताशेरे ओढले. आजचे नियम अशा घटनांतून घट्ट झाले. नीतिसमितीत किमान सात सदस्य, त्यांत एक स्त्री, एक कायदेतज्ज्ञ, एक सामान्य नागरिक, आणि अध्यक्ष संस्थेबाहेरचा. नियम चांगले आहेत. पण टेबलापलीकडे बसलेल्या माणसाला "नाही" म्हणायची खरोखर मोकळीक आहे की नाही, हे त्या खोलीतच ठरतं.

म्हणून तुम्हाला किंवा घरातल्या कुणाला कधी चाचणीत यायला विचारलं गेलं, तर घाबरू नका आणि घाईही करू नका. कागद घरी न्या आणि हे प्रश्न विचारा. मी नाही म्हटलं तर मला कोणता उपचार मिळेल? त्रास झाला तर रात्री कुणाला फोन करायचा? खर्च कुणाचा? मधेच सोडता येईल का? ही चाचणी देशाच्या सीटीआरआय नोंदवहीत आहे का? २००९पासून ही नोंद सक्तीची आहे आणि ती कुणालाही बघता येते. सही केलीत तर त्या कागदाची प्रत मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे. समोरचा माणूस या प्रश्नांना कंटाळला, तर सही करू नका. आणि त्यानं शांतपणे सांगितलं की अमुक ठाऊक आहे, तमुक ठाऊक नाही, तर त्याच्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. आपण आज घेतो ती प्रत्येक खात्रीची गोळी कुणीतरी असाच विश्वास ठेवल्यामुळे आपल्यापर्यंत आली आहे.